सोलापूरचा ११ केव्ही फीडर: जमिनीखालून केबल की खांबावर एबी केबल?

वळवाच्या वाऱ्यात फांदी उघड्या तारेला टेकली की फीडर (उपकेंद्रातून एखाद्या भागाला वीज नेणारी ११ हजार व्होल्टची लाइन) ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. हा त्रास दोन्ही पर्यायांनी जवळपास मिटतो. फरक पुढे पडतो.

एबी केबल (आवरण असलेल्या, एकत्र पिळलेल्या तारा) जुन्याच मार्गावर ओढता येते. पण ती तारेपेक्षा जड, म्हणून आधी खांब आणि ताण तपासावेत. टोकांना लाइटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेचा झटका जमिनीत उतरवणारं साधन) हवेतच. बिघाड बहुधा डोळ्यांना दिसतो, काही तासांत दुरुस्त होतो.

भूमिगत एक्सएलपीई (खास प्लास्टिकचं आवरण असलेल्या) केबलला ०.९ मीटर खोल चर, खाली-वर ८ सेंटिमीटर वाळू आणि वरून विटा किंवा फरशी. सोलापुरात खरी मेख काळ्या मातीत आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. केबलचा जोड ओढला जातो, मग त्यात पाणी शिरतं. शिवाय कोरडी माती उष्णता नीट वाहून नेत नाही. म्हणजे मे महिन्यात, कूलर-एसीचा भार चढलेला असतानाच केबलची क्षमता घटते! तेव्हा चर त्याच मातीने न भरता मुरूम वापरावा, जोडाजवळ केबलचा ढिला वळसा सोडावा.

दोष शोधायला टेस्ट व्हॅन, मग खोदाई, मग नवा जोड: अख्खा दिवस जातो. रिंग मेन युनिट (पुरवठा एका बाजूवरून दुसरीकडे वळवणारा स्विचचा संच) आणि दुसऱ्या बाजूने पुरवठा नसेल तर भूमिगतचा खर्च वायाच.

सिद्धेश्वर यात्रेतल्या उंच नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावर आणि दाट पेठांत तरीही भूमिगतच बरी. अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग भागात मात्र एबी केबल घ्यावी, उरलेले पैसे दुसऱ्या फीडरवर घालावेत.