फिटनेस ट्रेनरचा कोर्स : मोबाइलवर की वर्गात? माझं नाडीवरून ठरलं

मी दोन्ही करून बसलो आहे. आधी घरबसल्या ऑनलाइन, मग आठ महिन्यांनी इथे नागपुरातल्याच एका वर्गात, शनिवार-रविवार सकाळी. त्यामुळे अंबाझरीला फिरताना "भाऊ, कुठला करू?" असं कुणी विचारलं की मला दोन मिनिटांत सांगता येत नाही, आणि विचारणाऱ्याकडे दोनच मिनिटं असतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. फी, तास, प्रमाणपत्रावर कुणाचा शिक्का, हे सगळं माहितीपत्रकात असतं आणि ते तुम्ही वाचलेलं असणार. दोन्ही ठिकाणांची नावंही सांगणार नाही, कारण मला बोलायचं आहे ते शिकवण्याच्या पद्धतीबद्दल.

बी.पी.एड.चं, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीचं, आधीच बाजूला काढतो. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर दोन वर्षं काढा आणि तेच करा. आपल्या विदर्भात त्याची परंपरा जुनी आहे, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासूनचं. पण पंचेचाळिशीतला, पोट सुटलेला, एक गुडघा दुखणारा माणूस समोर उभा राहिला की त्याची क्षमता जोखून तीन महिन्यांचा व्यायाम आखून देता यावा, एवढीच गरज असेल तर दोन वर्षं जास्त होतात. निदान नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला तरी.

ऑनलाइनची बाजू आधी मांडतो, कारण ती वाटते तितकी कच्ची नाही. आखणी मी तिथेच शिकलो. आठवड्यात किती वेळा, किती जोरात, किती वेळ आणि कोणता व्यायाम, या चार गोष्टी वेगवेगळ्या फिरवता येतात आणि एका वेळी एकच फिरवायची, हे रात्री अकराला, घरची झोपल्यावर, तीन-तीनदा व्हिडिओ मागे नेऊन डोक्यात उतरलं. वर्गात हे झालं नसतं, कारण वर्गात सरांना मागे नेता येत नाही. नवख्या माणसाकडून एकदाच उचलता येईल एवढं जास्तीत जास्त वजन उचलून घ्यायचं नाही, तर हिशेबानं अंदाज काढायचा, हेही तिथलंच. ४० किलो तो १० वेळा नीट उचलत असेल तर १० ला ३० नं भागायचं, त्यात १ मिळवायचा आणि ४० नं गुणायचं, म्हणजे साधारण ५३ किलो. तीन आठवडे भार चढवून चौथ्यात मुद्दाम उतरवायचा, हे मी आजही करतो.

याउलट वर्गात आखणीचा तास म्हणजे झेरॉक्स होता. सोमवारी छाती-ट्रायसेप, मंगळवारी पाठ-बायसेप, बुधवारी पाय. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला तोच कागद आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी आलेल्या ताईलाही तोच. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. त्याच्या आखणीत बायसेपला काय काम? मी एकदा विचारलं, तर "ते प्रगत कोर्सला" असं उत्तर मिळालं. तेव्हा नुसती आखणीच शिकायची असेल, तर माझ्या मते ऑनलाइन सरस आहे. हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मला पक्षपाती म्हणू नका.

ऑनलाइनमधल्या बारीकसारीक खटकणाऱ्या गोष्टी होत्याच. सगळी वजनं पौंडात, उंची फुटात. सरावाच्या उदाहरणातली माणसं बर्फात जॉगिंग करणारी. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २५ पर्यंत ठीक, असं तिथं घोकलं. आपल्या लोकांसाठी २३ पासूनच जास्त वजन धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा. कंबरेची मर्यादाही आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर अशी कमी धरतात. पण हे वहीत दुरुस्त करून घेता येतं. तेवढ्यावरून मी कोर्सला नावं ठेवली नसती.

वहीत दुरुस्त न होणारी एकच गोष्ट निघाली, ती म्हणजे नाडी.

परीक्षेत मला चांगले मार्क पडले होते. पहिला माणूस म्हणून शेजारचे काकाजी तयार झाले. वय ६१, निवृत्त, रोज सेमिनरी हिल्सला चक्कर मारणारे, डॉक्टरांनी हो म्हटलेलं. व्यायामाआधीची तब्येतीची प्रश्नावली भरून घेतली. तीन मिनिटांची स्टेप टेस्ट घ्यायची ठरवली : १२ इंचांचा पाट, मिनिटाला ९६ ठोक्यांचा मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र), वर-वर-खाली-खाली, मग माणसाला बसवायचं आणि पाच सेकंदांच्या आत नाडी मोजायला लागायचं, पूर्ण मिनिटभर. पाट सुताराकडून करून आणला होता. काकाजी तीन मिनिटं मस्त चढले-उतरले, बसले, मी मनगट धरलं आणि तिथं काहीच नव्हतं.

बोट सरकवलं. दाबलं, मग वाटलं फार दाबलं. अंगठ्याकडे गेलो, परत आलो. काकाजी माझ्या तोंडाकडे पाहत होते. "काहून रे बाबू, जिवंत आहो ना मी?" एकदाची सापडली तेव्हा घड्याळात अठरा सेकंद गेले होते. हे अठरा सेकंदच महत्त्वाचे असतात. थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी झपाट्यानं उतरते आणि ही चाचणी नेमकं तेच उतरणं मोजते. उशिरा मोजायला लागलात की प्रत्येक जण तंदुरुस्त निघतो. मी तोच आकडा तक्त्यात टाकला. रकाना निघाला "उत्तम". काकाजी खूश, काकूंनी पोहे दिले, वर तर्री.

पुढचे दोन आठवडे मी घरातल्या सगळ्यांची मनगटं धरत फिरलो. बसलेल्या माणसाची सापडायची, दमलेल्याची नाही. कोर्सच्या मदत कक्षाला लिहिलं की व्यायामानंतर नाडी वेळेत सापडत नाही, काय चुकतंय? दोन दिवसांनी उत्तर आलं : चौथ्या प्रकरणातला व्हिडिओ पुन्हा पाहावा. त्या व्हिडिओत एक सडपातळ तरुण आपलं मनगट पुढे करतो आणि दोन बोटं अलगद बरोबर जागी पडतात. बोटं किती खोल गेली, हे पडद्यावर दिसत नाही. गळ्याची नाडी सोपी, पण तिथं जोरात दाबलं तर ठोके आपोआप मंदावतात, म्हणून "हलकेच धरा" असंही त्यात होतं. हलकेच म्हणजे किती, ते मला कुणीतरी माझं बोट धरून दाखवायला हवं होतं. तेवढ्याच एका कारणानं मी पुन्हा पैसे भरून वर्गात गेलो. बायकोच्या मते हा शुद्ध मूर्खपणा होता.

वर्गात पहिले दोन शनिवार नाडीशिवाय दुसरं काही झालं नाही. तिघातिघांचे गट. एकानं पाट चढायचा, दोघांनी एकाच वेळी त्याची दोन मनगटं धरायची, एक डावं, एक उजवं. पाचव्या सेकंदापासून विसाव्यापर्यंत मोजायचं आणि आकडे एकदम बोलायचे. जुळले नाहीत की पुन्हा. पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला तर मिनिटाला चार चुकतात. तरुणांच्या सव्वासोळा इंची स्टेप टेस्टमध्ये, मुलांच्या सूत्रात, मिनिटाच्या नाडीला ०.४२ नं गुणून १११.३३ मधून वजा करतात. म्हणजे एका ठोक्याच्या चुकीनं प्राणवायू वापरण्याच्या क्षमतेचा आकडा दीडाहून जास्त हलतो. हे सूत्र मला ऑनलाइनही पाठ होतं. पण माझे ३८ आणि शेजारच्या पोट्ट्याचे ४१ आल्यावर सर नुसते आमच्याकडे बघत उभे राहिले, तेव्हा ते कळलं. तिसऱ्या आठवड्यात माझी बोटं दोन सेकंदांत जागेवर पडायला लागली. मनगट किंचित मागे वाकवायचं आणि अंगठ्याकडच्या हाडाला चिकटून बोटं ठेवायची, एवढंच होतं.

तुम्ही म्हणाल, मनगटावर घड्याळ आहे की आता. माझ्याकडेही आहे. चालताना ते ठीक सांगतं, पण पाटावरून उतरून बसल्यावर त्याचा आकडा मागे रेंगाळतो, असा माझा तरी अनुभव. छातीचा पट्टा बरा. पण सकाळच्या ग्रुपमधल्या बारा जणांना बारा पट्टे कुठून आणू?

वर्गातच एकदा मी काकाजींचा किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले, सर हसले नाहीत. म्हणाले, "गोळी कोणती घेतात?" प्रश्नावलीतल्या सात प्रश्नांत बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्यांचा एक प्रश्न असतो. काकाजींनी त्यावर "हो" ला खूण केली होती आणि मी तो कागद फाइलला लावला होता. संध्याकाळी जाऊन पाकीट पाहिलं, तर बीटा ब्लॉकर. ती गोळी घेणाऱ्याची नाडी श्रम झाले तरी फारशी चढत नाही. म्हणजे "उत्तम" या शेऱ्यात अठरा सेकंदांचा उशीर होता आणि गोळीही होती. २२० वजा वय करून १५९ काढायचं आणि त्याच्या टक्केवारीवर त्यांना पळवायचं, हा उद्योग तर धोक्याचाच. अशा माणसाला त्याच्या दमण्यावरून चालवायचं : बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, किंवा किती दमलो ते माणसानं स्वतःच आकड्यात सांगायच्या ६ ते २० च्या बोर्ग मापात १२-१३ च्या आसपास. गंमत अशी की बीटा ब्लॉकरवरचा प्रश्न ऑनलाइन परीक्षेत आला होता आणि मी त्याचं उत्तर बरोबर दिलं होतं.

नागपूरकरांसाठी आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही व्हिडिओत येणार नाही. मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेआठला एका ग्रुपची चाचणी घेतली, कूलर बंद असलेल्या सभागृहात. तीच ऑगस्टमध्ये पुन्हा घेतली. सगळ्यांची नाडी खाली आली होती. मी तक्ता करून अभिमानानं सरांना दाखवला. ते म्हणाले, "पोट्टे सुधारले का हवा सुधारली?" उन्हात शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे जातं आणि तेवढ्याच कामाला ठोके जास्त लागतात. आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळिशी गाठतो, पावसाळ्यात तिशीच्या आसपास येतो. सर चाचणी सहाच्या आत सुरू करायचे, पंखा त्याच जागी, आणि वहीत तापमानाचा वेगळा रकाना. तो रकाना मी उचलला.

चिमट्यानं चरबी मोजण्याचंही थोडंफार तसंच. एकाच मुलाच्या मांडीचं माप आम्ही अकरा जणांनी घेतलं आणि सगळे आकडे फळ्यावर मांडले. त्यांतला फरक पाहून मी कुणाला "तुमची चरबी दोन टक्क्यांनी उतरली" असं सांगणं सोडलं आहे. माझ्या हाताची तेवढी लायकी नाही. बसून पुढे वाकण्याच्या पेटीत पावलांची रेघ कधी २३ सेंटीमीटरवर असते, कधी २६ वर, आणि पेटी एका मापाची, तक्ता दुसऱ्या मापाचा असं सर्रास चालतं, हेही तिथेच समजलं.

तर कुठला करावा? तुम्ही गोंदियाला किंवा गडचिरोलीला असाल, शनिवार-रविवार नागपूरला येणं जमत नसेल, तर ऑनलाइन करा, वाईट नाही. इंग्रजीची सवय असेल आणि पुढे मोठ्या साखळी जिममध्ये नोकरी पाहायची असेल, तरी त्याचा कागद बहुधा जास्त चालतो. फक्त घरच्या कुणाला तरी पाट चढायला लावा आणि दुसऱ्या मनगटावर कुणाला तरी बसवा, रोज, महिनाभर. केंद्र सरकारच्या फिट इंडिया मोहिमेच्या वयोगटानुसार केलेल्या चाचण्यांच्या पुस्तिकाही पाहा, ५ ते १८, १८ ते ६५ आणि ६५ च्या पुढचे असे तीन भाग आहेत, फुकट मिळतात. ज्येष्ठांसाठी पाटापेक्षा खुर्चीतून उठण्या-बसण्याची चाचणी मला तरी बरी वाटते.

नागपुरात असाल तर मी वर्गाकडे झुकेन. आखणी नंतर वाचून, चुकून-माकून जमते, तशी मलाही जमली. कुणी चूक पकडणारं शेजारी असण्याचं मात्र काही केल्या ऑनलाइन जमलं नाही. अर्थात सगळेच वर्ग असे नसतात आणि मला सर चांगले भेटले, हा नशिबाचा भाग असेल.

म्हणून पैसे भरण्याआधी एक सकाळ वर्गाला जाऊन बसा, चाचणीच्या दिवशी. किती पाट आहेत ते मोजा, पंचवीस मुलांत एकच असेल तर विचार करा. मेट्रोनोम लावतात की गाणी, ते ऐका. आणि कुणीतरी आकडा चुकीचा सांगेल, तेव्हा शिकवणारा काय करतो ते बघा. काकाजींची चाचणी मी नंतर पुन्हा घेतली, या वेळी खुर्चीवरची. आकडा सांगितला तर म्हणाले, "मागच्या खेपेले तर उत्तम होतो ना मी?"