अमेरिकेतल्या उजव्यांपैकी कुणाला वाचावं?

२० सप्टेंबर २०२५, शनिवारची सकाळ. माझा भाचा न्यू जर्सीहून आठवडाभरासाठी पुण्याला आला होता. चहाचा कप तसाच टेबलावर, आणि फोनवर कंपनीचा मेल: असाल तिथून निघा, रविवारच्या आत अमेरिकेत पोहोचा. आदल्या दिवशी ट्रम्प यांनी एच-वन-बी व्हिसावर १ लाख डॉलर शुल्काचा आदेश काढला होता. दिवसभर घरात सगळे तिकिटं शोधत होतो. रात्री उशिरा खुलासा आला, की हे शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे. अर्धी भरलेली बॅग पलंगावर पडली होती, आणि तिच्या शेजारी बसून तो म्हणाला, "मामा, मी तिथे इतकी वर्षं राहतोय, पण रिपब्लिकन लोक आपसात काय बोलतात ते मला कळतच नाही. इंडियन व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे येतं तेवढंच. कुणाला वाचू?"

मी ही मंडळी पंचवीसेक वर्षं वाचतो आहे. त्याला जे सांगितलं, ते इथे नीट मांडतो. त्याच्यासारखे पुष्कळ जण आहेत, आणि प्रत्येकाकडे दिवसाला अर्धा तासच आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. अमेरिकी उजव्या विचारात युद्ध, व्यापार आणि स्थलांतर हे तीन विषय गाठोड्यासारखे एकत्र येतात. जे वर्तमानपत्र भारतीय अभियंत्याचं मनापासून स्वागत करतं, तेच इराणवर बॉम्ब टाकायला पाठिंबा देतं. जे मासिक अमेरिकेला परक्या युद्धांतून बाहेर काढू पाहतं, त्यालाच तुमचा व्हिसा नको असतो. आपल्याला आवडणारं अर्धं घ्यावं नि बाकी सोडावं, अशी सोय तिथे फारशी नाही. गाठोडं ओळखून वाचलं तर दर महिन्याला दचकायला होत नाही.

पहिलं गाठोडं म्हणजे वॉल स्ट्रीट जर्नलचं संपादकीय पान. पॉल गिगो २००१ पासून ते सांभाळतात. मुक्त बाजार आणि मुक्त माणसं, हे त्यांचं ब्रीद. १९८४ साली या पानाने राज्यघटनेत सीमा खुल्या ठेवणारी दुरुस्ती करावी, असं अग्रलेखात लिहिलं होतं. आज ते इतकं टोकाचं बोलत नाहीत, पण शिकल्या-सवरलेल्या परदेशी माणसाबद्दलचा ओढा टिकून आहे. संरक्षणाच्या बाबतीत मात्र ते कडक: लष्करावर जास्त खर्च, युक्रेनला शस्त्रं, इराणला चाप, तैवानच्या पाठीशी उभं राहणं. हा रेगन यांच्या काळातला रिपब्लिकन पक्ष आहे, जवळपास जसाच्या तसा.

हे पान ट्रम्प यांचं भाट नाही. ३१ जानेवारी २०२५ रोजी कॅनडा आणि मेक्सिकोवरच्या आयातशुल्काला त्यांनी शीर्षकातच इतिहासातलं सर्वांत मूर्ख व्यापारयुद्ध म्हटलं, आणि राष्ट्राध्यक्ष त्यांच्यावर जाहीरपणे उखडले. वाचताना एवढं लक्षात ठेवा, की या वर्तमानपत्रात बातमी आणि मत यांची दोन वेगळी खाती आहेत. बातमीदारांनी लिहिलेलं संपादकीय पानाच्या डोक्यावर मारू नका. भारतीय वाचकासाठी दोन स्तंभ खास आहेत. सदानंद धुमे भारत-पाकिस्तानवर लिहितात, आणि दिल्लीत कुणालाही खूश करायला ते लिहीत नाहीत. वॉल्टर रसेल मीड यांच्याकडून मी एक गोष्ट शिकलो ती आजही रोज कामी येते. ट्रम्प यांच्या मतदाराला ते जॅक्सनवादी म्हणतात: त्याला जग सुधारायचं नसतं, पण कुणी अंगावर आलं तर तो अर्धवट लढतही नाही. हे एकदा डोक्यात बसलं, की 'युद्ध नको' म्हणणारा माणूस बॉम्बफेकीनंतर टाळ्या का वाजवतो ते उलगडतं. अडचण एकच, वर्गणी भरल्याशिवाय इथलं जवळपास काहीच वाचता येत नाही.

दुसरं गाठोडं याच्या थेट उलट. द अमेरिकन कन्झर्व्हेटिव्ह हे मासिक २००२ साली उजवे राजकारणी पॅट बुकॅनन, स्कॉट मॅककॉनेल आणि टाकी थिओडोराकोपुलोस यांनी सुरू केलं, तेव्हा इराकवर स्वारीची तयारी चालू होती आणि बहुतेक सगळा उजवा गोट ढोल बडवत होता. त्यांनी विरोध केला. मार्च २००३ मध्ये नॅशनल रिव्ह्यू या दुसऱ्या उजव्या मासिकाने डेव्हिड फ्रम यांचा मोठा लेख छापला, त्यात या लोकांना देशभक्ती नसलेले कन्झर्व्हेटिव्ह ठरवलं. मी तेव्हा फ्रम यांच्या बाजूने होतो. रोज रात्री एका वाहिनीवर नकाशे आणि बाण बघायचो आणि मला वाटायचं, इतक्या लोकांना काही तरी माहीत असणारच. महासंहारक अस्त्रांचा साठा सापडला नाही. ज्यांना देशद्रोही म्हणून हिणवलं गेलं त्यांचं म्हणणं खरं निघालं. तेव्हापासून या मासिकाचा लेख मी आवडला नाही तरी शेवटपर्यंत वाचतो.

पण तेच गाठोडं पुन्हा. बुकॅनन यांच्या परंपरेत परक्या युद्धाला नकार, मुक्त व्यापाराला नकार आणि स्थलांतराला नकार, हे तिन्ही नकार एकाच मुळातून येतात: आधी आपलं घर. भाच्याला मी स्पष्ट सांगितलं, की तिथे तुझ्या बाजूचं कुणी सापडणार नाही. तरीही वाच, कारण हे लोक आता सत्तेच्या खोलीत बसलेत.

याचा पुरावा आपल्याला योगायोगाने मिळाला. मार्च २०२५ मध्ये येमेनमधल्या हुथींवर हल्ला करायच्या चर्चेसाठी सिग्नल या मेसेजिंग अॅपवर ग्रुप झाला, आणि तेव्हाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांच्या खात्यावरून त्यात द अटलांटिक मासिकाचे संपादकच जोडले गेले. गोपनीयतेची ऐशीतैशी झाली, यावर जगभर गदारोळ उठला, आणि तो योग्यच होता. मला मात्र त्या संदेशांतला मजकूर जास्त बोलका वाटला. उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स हल्ल्याच्या आदल्या दिवशी विचारतात, सुएझमधून आपला व्यापार जातो ३ टक्के, युरोपचा जातो ४० टक्के, मग हे आपण का करतोय? युरोपला पुन्हा आपणच सोडवायचं याची त्यांना चीड आहे. संरक्षणमंत्री हेगसेथ म्हणतात, युरोपच्या फुकटेपणाचा मलाही तिटकारा आहे, पण हे काम आपल्याशिवाय कुणाला जमणार नाही. म्हणजे नियतकालिकांत वर्षानुवर्षं चाललेला वाद इथे फोनवर, हल्ल्याच्या तोंडावर, त्याच शब्दांत चालू होता. म्हणून ही भाष्यं वाचायची. उद्याचा निर्णय आज तिथे लिहिला जात असतो.

नॅशनल रिव्ह्यू या दोघांच्या मध्ये कुठे तरी आहे, आणि एकच काही निवडायचं असेल तर माझं मत त्याला. विल्यम बकली यांनी १९५५ साली ते काढलं. त्याच्या नावावर चुका आहेत आणि त्या लपवायच्या नाहीत: १९५७ साली त्यांनी दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या वर्चस्वाची बाजू घेणारा अग्रलेख लिहिला, आणि इराकबद्दल वर सांगितलंच. पण याच बकली यांनी २००६ मध्ये, युद्ध चालू असताना, आपला राष्ट्राध्यक्ष सत्तेत असताना, इराकमधली मोहीम फसली असं स्वच्छ लिहिलं. घरच्यांचा कान धरायची ही सवय तिथे पुरती मोडलेली नाही. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी ट्रम्पविरोधी अख्खा अंक काढला, पुढे सूर बराच सौम्य झाला, तरी हुजरेगिरी म्हणता येणार नाही.

अँड्र्यू मॅकार्थी हे त्यातलं माझं आवडतं नाव. ते पूर्वी सरकारी वकील होते. न्यूयॉर्कमधल्या दहशतवादी कटाबद्दल 'आंधळा शेख' ओमर अब्देल रहमान याला १९९५ साली दोषी ठरवून घेणारा खटला त्यांनी चालवला. त्यामुळे दहशतवाद्यांबद्दल मऊ असल्याचा आरोप त्यांच्यावर कुणी करू शकत नाही. २ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेने कॅरिबियन समुद्रात एक बोट उडवली, ११ माणसं मेली, आणि अमली पदार्थांची वाहतूक म्हणजे युद्धच, असं समर्थन दिलं गेलं. मॅकार्थी यांनी कायद्याची पानं उघडून दाखवलं, की तस्करी हा गुन्हा आहे, तो युद्ध ठरत नाही. पुढे त्याच घटनेत वाचलेल्यांवर दुसरा मारा झाल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी आणखी कठोर लिहिलं. राष्ट्रीय सुरक्षेवरचं भाष्य असं असावं असं मला वाटतं: शत्रूबद्दल भाबडेपणा नाही, आणि सरकारला मोकळं कुरणही नाही. त्याच छपराखाली नोआ रॉथमन यांच्यासारखे आक्रमक आहेत आणि मायकेल ब्रेंडन डॉगर्टी यांच्यासारखे युद्धाला कचरणारेही. जिम गेरेटी स्वतः युक्रेनमध्ये जाऊन आले आणि तिथून लिहिलं. काही मजकूर वर्गणीविना वाचता येतो.

आता टकर कार्लसन, टीव्हीवरचे गाजलेले उजवे निवेदक. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्स न्यूजमधून बाहेर पडल्यावर त्यांचा प्रभाव कमी होईल असं पुष्कळांना वाटलं होतं. जून २०२५ मधली त्यांची सिनेटर टेड क्रूझ यांची मुलाखत बघा. क्रूझ इराणमधली राजवट जावी म्हणून बोलत होते. कार्लसन मध्येच विचारतात, इराणची लोकसंख्या किती? क्रूझ म्हणतात, ठाऊक नाही. जो देश उलथवायचा म्हणता त्याची लोकसंख्या तुम्हाला ठाऊक नाही? मग स्वतःच आकडा सांगतात, ९ कोटी २० लाख. तो मिनिटभराचा प्रसंग कुठल्याही अग्रलेखापेक्षा दूर पोहोचला. ट्रम्प यांनी कार्लसन यांना 'चक्रम' म्हटलं आणि काही दिवसांत, २२ जूनला, बी-२ विमानांनी फोर्दो आणि नतांझ इथल्या इराणी अणुकेंद्रांवर १४ महाकाय बॉम्ब टाकले. जर्नलने पाठिंबा दिला, अमेरिकन कन्झर्व्हेटिव्हच्या कर्ट मिल्स यांनी कडाडून विरोध केला.

प्रश्न रास्त होता. तरीही मी कार्लसन यांची शिफारस करत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी निक फुएन्टेस याला समोर बसवून ऐसपैस गप्पा मारल्या. हा उघड ज्यूद्वेष्टा माणूस, होलोकॉस्टची टर उडवणारा. पत्नी उषा भारतीय वंशाच्या आहेत आणि मुलाचं नाव विवेक आहे, एवढ्यावरून त्याने जे. डी. व्हान्स यांच्यावर संशय घेतला होता. क्रूझ यांना घाम फोडणारा मुलाखतकार त्याच्यापुढे मवाळ झाला. हेरिटेज फाउंडेशन या उजव्या धोरणसंस्थेचे अध्यक्ष केविन रॉबर्ट्स कार्लसन यांच्या बचावाला उतरले तेव्हा त्या संस्थेतच उभी फूट पडली. मित्राला सवाल करायचा नाही, हा नियम ज्याने पाळला त्याच्या इतर सवालांचीही किंमत उतरते.

द डिस्पॅच हा २०१९ मध्ये जोना गोल्डबर्ग आणि स्टीव्ह हेस यांनी काढलेला उपक्रम. याच दोघांनी २०२१ मध्ये कार्लसन यांच्या एका कार्यक्रमाच्या निषेधार्थ फॉक्सचं काम सोडलं. सरळ, शांत, वस्तुस्थिती तपासून लिहिणारे लोक आहेत. पण पक्षाच्या आजच्या मतदाराशी त्यांचं नातं तुटलेलं आहे. सत्ता कुठे वळणार ते त्यांच्याकडून कळणार नाही, ती का वळू नये ते कळेल.

चीन हा ज्यांचा मुख्य विषय आहे त्यांनी एल्ब्रिज कोल्बी यांचं जुनं लिखाण शोधावं. २०२५ पासून ते पेंटागॉनमध्ये धोरण विभागाचे प्रमुख आहेत. त्यांचं म्हणणं साधं आहे: शस्त्रं मोजकी आहेत, ती तैवानसाठी राखा, युरोपने आपलं बघावं. जुलै २०२५ मध्ये साठ्याचं कारण देऊन युक्रेनचा काही दारूगोळा थांबवला गेला आणि थोड्याच दिवसांत ट्रम्प यांनी तो पुन्हा सोडला, तेव्हा हा वाद पुस्तकी नाही हे दिसलं. भारताला या गोटाकडून सर्वाधिक आशा होती. तरीही रशियन तेलाच्या निमित्ताने २७ ऑगस्टपासून आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं. चीनविरुद्धचा साथीदार असा दुखावू नका, असं उघडपणे लिहिणाऱ्यांत संयुक्त राष्ट्रांतल्या माजी राजदूत निकी हेली होत्या, पण पक्षातलं त्यांचं वजन आता पूर्वीचं नाही.

या गोटांची माणसं मोजायची तर एप्रिल २०२४ चं मतदान बघा. युक्रेनसाठीच्या मदतीचं विधेयक प्रतिनिधीगृहात ३११ विरुद्ध ११२ ने मंजूर झालं, पण विरोधातले सगळे ११२ रिपब्लिकन होते आणि बाजूने मतदान करणारे रिपब्लिकन १०१. म्हणजे जर्नलचं पान ज्या पक्षासाठी लिहितं तो स्वतःच्या घरात अल्पमतात आहे.

भाच्याला मी नॅशनल रिव्ह्यू रोज आणि अमेरिकन कन्झर्व्हेटिव्ह आठवड्यातून एकदा, असं सांगितलं. जर्नलची वर्गणी त्याच्या ऑफिसात आहे, धुमे आणि मीड तिथेच वाचता येतील. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना मी वेगळं सांगेन: हूव्हर इन्स्टिट्यूशन या संशोधन संस्थेचा गुडफेलोज हा कार्यक्रम यूट्यूबवर फुकट आहे. त्यात इतिहासकार नायल फर्ग्युसन, अर्थतज्ज्ञ जॉन कॉक्रेन आणि ट्रम्प यांचे एकेकाळचे सुरक्षा सल्लागार मॅकमास्टर एकमेकांचं खोडून काढतात, आणि इंग्रजी ऐकायला सोपं आहे. टीव्ही सगळ्यांनीच वगळावा, फॉक्ससुद्धा. २०२० च्या निवडणुकीबद्दलच्या खोट्या दाव्यांच्या खटल्यात त्या वाहिनीने मतदानयंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजले.

नोव्हेंबरात भाच्याचा मेसेज आला. फॉक्सवर लॉरा इन्ग्राहम एच-वन-बीवरून ट्रम्प यांना टोचत होत्या आणि ट्रम्पच उलट सांगत होते, की काही कौशल्यं आपल्या लोकांकडे नाहीत. त्या चित्रफितीखाली भाच्याने लिहिलं होतं, "मामा, इन्ग्राहम बुकॅननच्या गाठोड्यातल्या ना?" मी लिहिलं, स्थलांतराच्या बाबतीत हो. इराणबद्दल काय म्हणाल्या होत्या ते तू शोध आणि मला सांग.