सुईतून औषध न देता नऊ महिने: जनावरांच्या दवाखान्यातलं अ‍ॅक्युपंक्चर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर कोर्स संपवला आणि सुयांची पाच पाकिटं, एक इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चर मशीन (लावलेल्या सुयांतून सौम्य करंट सोडणारं) घेऊन बसलो. दवाखाना सांगली जिल्ह्यात. निम्मी कुत्री-मांजरं, निम्म्या गाई-म्हशी. नऊ महिन्यांनी लिहितोय, कारण पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

सुयांबद्दल तक्रार नाही. कुत्र्यांसाठी 0.25 मिमी जाडीच्या, 25 मिमी लांबीच्या वापरतो. केस भादरावे लागत नाहीत. पाठीवर लावल्या की बरीच कुत्री पाच-दहा मिनिटांत पेंगायला लागतात. पायाच्या बोटांजवळ गेलात की मात्र पाय ओढून घेतात. मांजराचं सांगता येत नाही. एकीनं अंग झटकलं आणि बारातली एक सुई गायब. अर्धा तास शोधली, शेवटी माझ्याच चपलेत निघाली. तेव्हापासून लावलेल्या सुयांचा आकडा फळ्यावर लिहितो आणि काढताना मोजतो.

मशीनबद्दल तक्रार आहे. 2 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला दोन झटक्यांवर, स्नायू डोळ्यांना दिसेल असा उडतो, 100 हर्ट्झवर नुसती थरथर. कमी वारंवारतेला एन्केफॅलिन, एंडॉर्फिन आणि जास्तीला डायनॉर्फिन ही शरीराचीच वेदनाशामक द्रव्यं सुटतात, म्हणून आलटून-पालटून लावायचं, इतपत शास्त्र पटतं. पण सेल उतरत आला की करंट हळूहळू कमी होतो आणि आपण नकळत बटण वाढवत जातो. एकदा तसाच सेल बदलला, बटण शून्यावर आणायचं राहिलं. बिचारं पामेरियन असं केकाटलं की बाहेर बसलेले दोघं उठून उभे राहिले. चूक माझीच. पण चालू करताना बटण शून्यावर नसेल तर करंट सोडायचाच नाही, एवढी सोय हजारो रुपयांच्या यंत्रात असायला काय हरकत होती? वायरीही क्लिपपाशीच तुटतात, दोन बदलल्या. फिट येणाऱ्या, गाभण किंवा पेसमेकर असलेल्या जनावराला करंट लावत नाही, गाठीवरही नाही.

आता मुद्द्याचं. सगळ्यात जास्त वापर झाला तो पाठीच्या मणक्यातली चकती सरकलेल्या कुत्र्यांवर, म्हणजे मुख्यतः डॅशुंड, लांब पाठीची, आखूड पायांची जात. सहा वर्षांची एक मादी, मागचे दोन्ही पाय गेलेले, पण बोट चिमट्यानं जोरात दाबलं की मान वळवून चावायला यायची. म्हणजे खोल वेदना, हाडापर्यंतच्या दाबाची जाणीव, शाबूत. एमआरआय आणि शस्त्रक्रिया मालकांना झेपणारी नव्हती. पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती, वेदनेची औषधं, लघवी हातानं दाबून काढणं, आणि आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं सुया. नवव्या दिवशी शेपूट हलली, चौथ्या आठवड्यात झोकांड्या खात चालली. घरचे सुयांना नमस्कार करायचे बाकी होते. मला मात्र माहीत आहे की खोल वेदना शाबूत असलेली बरीच कुत्री नुसत्या विश्रांतीनंही उठतात. सुयांचा वाटा किती, हे एका कुत्र्यावरून ठरत नाही. दुसरा डॅशुंड आला तेव्हा खोल वेदनेची जाणीवच गेली होती. त्याला त्याच दिवशी सर्जनकडे पाठवायला हवं होतं. मी सहा बैठका केल्या. तो उठला नाही. ती फी मी परत केली, पण गेलेले दिवस परत देता आले नाहीत.

म्हणून आता प्रत्येकाचा चालतानाचा व्हिडिओ काढतो, तोही सुया लावण्याआधी. ‘डॉक्टर, फरक आहे हं’ हे वाक्य मालक आपलं मन राखायलाही म्हणतात. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरच्या खुब्याच्या संधिवातात फरक व्हिडिओत खरंच दिसला. पण त्याच काळात त्याचं वजन 41 वरून 35 किलोवर आलं होतं. श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा, मी वजनाला देतो. मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक कमी करता आलं, बंद नाही.

कोर्समध्ये ‘ची’, म्हणजे अंगातून वाहणारी म्हणे प्राणशक्ती, आणि तिच्या वाहिन्या शिकवतात. घोड्यात पित्ताशयाची वाहिनी आहे, आणि घोड्याला पित्ताशयच नसतं! तिथं मी वही मिटली. 2006 साली या विषयावरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला, त्याचा निष्कर्ष असा की पाळीव जनावरांत अ‍ॅक्युपंक्चरची शिफारस करावी किंवा ते नाकारावं, यातल्या कशालाच ठाम पुरावा नाही. माझा अनुभव त्याला धक्का लावणारा नाही.

गोठ्यात तर गंमतच. एका आजोबांच्या लंगडणाऱ्या म्हशीला आठ सुया लावल्या. ते खाली वाकून बघत म्हणाले, ‘‘डाक्टर, सुई मारली खरी, पर सुईतनं आत काय गेलंच न्हाई की!’’ हल्ली गोठ्यात त्याच जागी इंजेक्शननं बी-12 सोडतो. पद्धत मान्यताप्राप्त आहे, आजोबाही खूश. कासदाहाला त्यांची सून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सांगतं तो लेप लावते: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50, चुना 15. लावू देतो, ताप असला की अँटिबायोटिक मी देतो.

घ्यायचंच असेल तर आधी सुया घ्या, मशीन सहा महिन्यांनी. माझ्या मशीनचं तिसरं आउटपुट कालपासून बंद आहे.