एच६१० मदरबोर्ड, चार महिने वापरून झाल्यावर

मी इंदूरला रामबागेत घरूनच टॅलीचं आणि जीएसटी रिटर्नचं काम करते. दर महिन्याच्या २० तारखेच्या आसपास कॉम्प्युटर अडला की जीव टांगणीला लागतो, आणि माझा जुना पीसी म्हणजे एच६१ मदरबोर्ड (प्रोसेसर, रॅम ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड), दुसऱ्या जनरेशनचा आय३, वय बारा-तेरा वर्षं. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. लोकांचे पॅन नंबर, पोर्टलचे पासवर्ड, सगळे हिशेब ज्या मशीनवर आहेत ते सिक्युरिटी अपडेटशिवाय चालवायचं हे मला पटेना, म्हणून नवा पीसी बांधायचा ठरवला. मॉनिटर, कॅबिनेट आणि हार्ड डिस्क जुनेच ठेवायचे, बाकीचं घ्यायचं.

पुतण्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, त्याला बरोबर घेतलं. पहिल्याच दुकानात ऐकायला मिळालं, "दीदी, आय५ ले जाओ, बोर्ड एकदम नया है, सस्ते में हो जाएगा." बोर्ड खरंच नवा, डबा कोरा, पण वर छापलेलं एच६१! म्हणजे २०११ चा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप, बोर्डाला नाव तिच्यावरूनच), डीडीआर३ रॅम, आणि त्यावर बसणारा आय५ दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या जनरेशनचा, तो तर वापरलेलाच मिळणार. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जिथून सुटायला निघाले तिथेच पैसे देऊन परत आले असते. नुसतं आय५ म्हटलं की लोक फसतात हो, आय५ च्या पुढचा आकडा वाचल्याशिवाय खिशात हात घालू नका. बिल मागितलं तर तिथे म्हणाले कच्चं चालेल ना, मग निघालोच.

नंतर आरएनटी मार्गावर सिल्वर मॉलमध्ये दोन-तीन दुकानं फिरलो. पुतण्याचं मन होतं एएमडीच्या रायझन ५ ५६००जी प्रोसेसरवर आणि त्याच्या ए५२० बोर्डवर, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, ६ कोअर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) आहेत, आतलं ग्राफिक्सही इंटेलच्या आय३ पेक्षा बरंच चांगलं, ज्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता थोडं गेमिंग करायचंय त्याने तेच घ्यावं. पण मला गेमिंग नाही, टॅली, एक्सेल, ब्राउझरमध्ये पंधरा टॅब आणि प्रिंटर, एवढंच. म्हणून मी १२ व्या जनरेशनचा आय३ १२१०० घेतला, ४ कोअर ८ थ्रेड, आणि त्यासाठी एमएसआयचा प्रो एच६१०एम-ई डीडीआर४ हा बोर्ड. साडेसहा हजारांच्या आत बसला, पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर. १८ टक्के जीएसटी जीवावर येतो खरा, पण तुम्ही रजिस्टर्ड असाल आणि धंद्यासाठी घेत असाल तर क्रेडिट मिळतं, आणि वॉरंटीच्या वेळी तेच बिल कामाला येतं.

आता बोर्डाबद्दल. एच६१० हा २०२२ च्या जानेवारीत आलेला, इंटेलच्या १२ व्या जनरेशनबरोबरचा सगळ्यात खालचा चिपसेट, आणि स्वस्त आहे तर काय काय कापलंय ते आधी बघून घ्या. रॅमचे स्लॉट दोनच, रॅम ३२०० च्या स्पीडच्या वर पळत नाही, थेट बोर्डावर बसणाऱ्या एम.२ एसएसडीची जागा एकच आणि तीही जेन ३ म्हणजे जुन्या, कमी स्पीडची, वायफाय नाही. यातलं मला काय खटकलं? खरं सांगायचं तर वायफाय सोडून काहीच नाही, आणि ते मी राउटरपासून लॅन केबल ओढून सोडवलं. जेन ३ ची एसएसडीसुद्धा माझ्या जुन्या हार्ड डिस्कपुढे इतकी फास्ट आहे की टॅलीची कंपनी उघडताना आधी चहा व्हायचा, आता उघडते तोवर चष्माही लावून होत नाही.

जे मिळालं ते माझ्यासाठी जास्त मोलाचं होतं. मागे एचडीएमआयबरोबर व्हीजीए पोर्ट आहे, माझा जुना मॉनिटर फक्त व्हीजीएचा, त्यामुळे मॉनिटरचे पैसे पूर्ण वाचले. साटाचे ४ पोर्ट आहेत, जुनी हार्ड डिस्क तशीच जोडली आणि मागच्या सगळ्या वर्षांचा डेटा जागच्या जागी. टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सिक्युरिटीची सोय) वेगळं लावावं लागलं नाही, बायोसमध्येच, म्हणजे बोर्डाच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच असतं, विंडोज ११ कुरकुर न करता चढलं.

एक मात्र दुकानातच तपासा, हा चिपसेट डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हीत येतो, नावं जवळजवळ सारखीच, आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. डब्यावर डीडीआर४ लिहिलेलं डोळ्यांनी बघून मगच रॅम घ्या. मी १६ जीबीची एकच स्टिक लावली, सध्या रॅमचे भाव चढलेत, दुसरा स्लॉट पुढे भरेन. पुतण्या म्हणाला, "आत्या, ८-८ च्या दोन लाव, ड्युअल चॅनल मिळेल", म्हणजे दोन स्टिक जोडीने चालून रॅमचा वेग वाढतो, आणि आतल्या ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याने तसंच करावं, पण मग दोन्ही स्लॉट भरतात आणि वाढवायचं झालं की जुनी काढावी लागते. तसंच, १३ व्या किंवा १४ व्या जनरेशनचा प्रोसेसर घेणार असाल तर बायोस अपडेट केलेला आहे का ते विचारा, जुना स्टॉक असला तर डिस्प्लेच येणार नाही. १२ व्या ला हा प्रश्न नाही. आणि नावात एफ असलेला प्रोसेसर कार्डाशिवाय घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतं, मग बोर्डाचे व्हीजीए-एचडीएमआय नुसते शोभेला.

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, जुना वापरायचा मोह झाला होता. पण बोर्डावर प्रोसेसरसाठी ८ पिनचं कनेक्टर आहे आणि जुन्याला ४ च पिना, शिवाय बारा वर्षांचा बिननावाचा एसएमपीएस नव्या बोर्डाला जोडायची माझी हिंमत नाही, तो नवीनच घेतला. तिथे हजार-दीड हजार वाचवून सगळंच जाळून घेण्यात काय अर्थ आहे?

घरी बसवताना कॅबिनेटच्या मागची, पोर्टांभोवती बसणारी पत्रा-पट्टी आधी लावा, बोर्ड कसून झाल्यावर ती बसत नाही. फ्रंट पॅनलच्या (पॉवर बटण, लाइट) बारीक वायरींना मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवून अर्धा तास लागला. आणि प्रोसेसर बसवताना सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण निघतं ते कृपा करून फेकू नका. या सॉकेटच्या पिना बोर्डात असतात, केसासारख्या बारीक, बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते झाकण लावलेलं नसेल आणि पिना वाकल्या तर तुमचं कोणी ऐकणार नाही. माझं झाकण बिलाबरोबर डब्यात आहे, डबा कपाटावर, आणि त्यावर वॉरंटीच्या ३ वर्षांची शेवटची तारीख स्केचपेनने लिहून ठेवलीय.