शेल्टरसाठी जागा: शेतजमीन, औद्योगिक भाग की वस्ती?

प्राण्यांचं शेल्टर किंवा केनेल (कुत्री ठेवायची जागा) काढायचं ठरलं की माणूस आधी जागा बघतो आणि मग नियम. जागा आवडलेली असते, त्यामुळे नियम वाचतानाही नजर सोयीचं तेवढंच वेचते. म्हणून आधी कुठल्या विभागात जमिनीचा कोणता वापर चालतो हे सांगणाऱ्या स्थानिक नियमावलीतली व्याख्यांची पानं काढा. तिथे 'शेल्टर' हा शब्द नसण्याचीच शक्यता जास्त. असतील ते 'केनेल', 'पशुवैद्यकीय दवाखाना', 'पशुपालन', 'धर्मादाय संस्था' असले शब्द. यातलं कोणतं नाव तुमच्या कामाला लागतं, त्यावर तुम्ही कोणत्या विभागात बसता ते ठरतं. पैसे घेऊन कुत्री सांभाळणारं बोर्डिंग आणि शस्त्रक्रिया, विलगीकरण, दत्तक देणं हे सगळं करणारं शेल्टर कागदावर एकच नसतं. अर्जात नुसतं 'केनेल' लिहून मोकळं झालात, तर पुढे शस्त्रक्रियेची खोली बांधताना ते आडवं येतं.

साधारणपणे तीन पर्याय समोर असतात.

शेतजमीन सगळ्यांना आधी सुचते. स्वस्त, मोकळी, कुत्र्यांना पळायला जागा. बऱ्याच नियमावल्यांमध्ये केनेलला इथे थेट किंवा सशर्त परवानगी असते. सशर्त म्हणजे जाहीर सूचना, शेजाऱ्यांच्या हरकती, सुनावणी आणि मग अटी: किती जनावरं, हद्दीपासून किती अंतर, रात्री आत बंदिस्त की नाही.

मात्र 'गुरं चालतात तर कुत्री का नाही?' हा युक्तिवाद सुनावणीत फारसा टिकत नाही, कारण कुत्री ही शेतीची जनावरं धरली जात नाहीत. शेण शेतात जिरतं. कुत्र्याची विष्ठा भाजीपाल्याच्या शेतात टाकता येत नाही. तिच्यातल्या टॉक्सोकारा जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. सांडपाण्याची वाहिनी नसेल तर टाकी आणि शोषखड्डा आला, आणि मग विहिरीपासूनचं अंतर आलं.

खरी भानगड आवाजाची. भरलेल्या केनेलच्या आत १०० डेसिबलच्या वरची पातळी अनेकदा मोजली गेली आहे. उघड्यावर एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने उतरतो. एका मीटरवर १०० धरले तर ५० मीटरवर ६६ उरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत रात्री घराबाहेरची मर्यादा ४५ आहे. नुसत्या अंतराच्या भरवशावर तिथवर उतरायला अर्धा किलोमीटरहून जास्त लागतं. हे सोपं गणित आहे. वारा, उंचसखल जमीन यांनी ते पुढेमागे होतं. पण ३० किंवा ५० मीटर सोडायची अट पाळली म्हणजे शेजारी शांत झोपेल असं नाही, एवढं त्यातून कळतं. झाडांच्या एका रांगेने डोळ्यांचं समाधान होतं, कानाचं नाही. कुत्रं आणि शेजाऱ्याची खिडकी यांच्यामधली नजर तोडणारी भरीव भिंत दहाएक डेसिबल खाते. रात्री पक्क्या इमारतीत बंद केलं तर फरक याहून बराच मोठा.

'आम्ही आधी आलो, घरं नंतर झाली' हे म्हणणं न्यायालयात चालेल असं गृहीत धरू नका. १८७९ मध्ये इंग्लंडमध्ये एका मिठाईवाल्याचे खल-बत्ते वीस वर्षांहून जास्त काळ चालू होते. शेजारच्या डॉक्टरने भिंतीलगत तपासणीची खोली बांधली, आवाजाच्या त्रासाबद्दल खटला भरला आणि जिंकला. २०१४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मोटार शर्यतींच्या एका मैदानाबाबत हाच विचार कायम ठेवला, आणि नियोजनाची परवानगी म्हणजे उपद्रवाच्या दाव्यापासून आपोआप संरक्षण नव्हे, हेही सांगितलं. आजची शेतजमीन उद्या भूखंड पाडून विकली जाते, तेव्हा हे आठवतं.

औद्योगिक भागात मन रमत नाही, कबूल. पण तिथे रात्री शेजारी झोपलेलं कुणी नसतं, आणि माझ्या लेखी एवढी एक गोष्ट बाकीच्या दहा उणिवांना पुरून उरते. सांडपाण्याची वाहिनी, भरपूर वीज, अवजड गाडीला रस्ता हे बहुतेक ठिकाणी तयार असतं. जुनी गोदामं मोठी असतात. मात्र पत्रा आणि काँक्रीट यांत भुंकणं घुमतं, तेव्हा छताला आवाज शोषणारं आवरण आणि हवा खेळती ठेवायची यंत्रणा यांचा खर्च आधीच धरा. शेजारच्या कारखान्यातून द्रावकांचा वास, धूर येतो का, हे तिथे दिवसभर बसूनच कळेल. काही ठिकाणी औद्योगिक विभागात लोकांची वर्दळ असलेल्या वापराला बंधन असतं. दत्तक घ्यायला येणारी कुटुंबं हीसुद्धा वर्दळच, म्हणून हे आधी विचारून घ्या.

वस्तीबद्दल थोडक्यात. रहिवासी विभागात केनेल जवळजवळ नाहीच. अनेक अमेरिकी शहरांत एका घरात तीन-चार कुत्र्यांवर गेलात की तो घरी कुत्री पाळण्याचा प्रश्न उरत नाही, केनेलचा सुरू होतो. बाजारपेठेच्या भागात मात्र दत्तक केंद्र छान चालतं: थोडे प्राणी, सगळे आत, संध्याकाळी परत मुख्य जागी.

तेव्हा शेल्टरला मी औद्योगिक भागाची कड सुचवेन, आणि जमलं तर बाजारात एक छोटं दत्तक केंद्र. स्वयंसेवक आणि भेट देणारे दूरच्या शेतावर दर आठवड्याला येत नाहीत. बोर्डिंग केनेलचं वेगळं. गिऱ्हाईक गाडीतून कुत्रं सोडायला येतं, त्याला लांब जायला हरकत नसते. तिथे शेतजमीन चालेल, पण विकास आराखड्यात आजूबाजूच्या पट्ट्यावर पुढे काय दाखवलंय ते पाहूनच.

एखादं चालू केनेल आयतं विकत मिळत असेल, तर ते आजच्या नियमांत बसतं की जुना वापर म्हणून नुसतं चालू दिलंय, हे विचारा. जुन्या वापराला सहसा वाढीव बांधकाम मिळत नाही, आणि ठरावीक काळ बंद राहिला तर हक्कच जातो. अनेक अमेरिकी शहरांत ही मुदत सहा महिने ते वर्षभर असते. मालक वर्षभर टाळं लावून बसला असेल, तर तुम्ही पिंजरे विकत घेताय, परवानगी नव्हे.