थॉनी की नोटबुक? घरून शिकणाऱ्या बीएस्सीच्या वर्गासाठी

दुसऱ्या वर्षाच्या फिजिक्सच्या मुलांना ऑनलाइन पायथन शिकवायचं, तर त्यांनी कोड लिहायचा कशात? मी दोन सेमिस्टर ब्राउझरमधल्या नोटबुकवर काढली, म्हणजे जिथे मजकूर, कोड आणि त्याचं उत्तर एकाच पानावर असतं, आणि मग थॉनीवर आलो, म्हणजे संगणकावर उतरवून घ्यायच्या पायथनच्या एका साध्या एडिटरवर. शिकवता दोन्हींत येतं. तुमचा वर्ग माझ्या वर्गापेक्षा तयारीचा असेल, तर माझं मत फार मनावर घेऊ नका.

नोटबुकचा मोह मला कळतो. आपल्या मुलांना जर्नलची सवय असते: निरीक्षणं, आकडेमोड, ग्राफ, निष्कर्ष, सगळं एका जागी. नोटबुक म्हणजे तेच जर्नल, फक्त त्यातली आकडेमोड खरोखर चालते. इन्स्टॉलची कटकट नाही. लॅपटॉप नसलेला मुलगाही फोनवर निदान चालवून तरी बघतो. २०१५ साली टिपलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरीचा डेटा खुला झाला, तेव्हा त्याच्यासोबतचा पाठही नोटबुकच्याच रूपात आला होता. औंढा नागनाथच्या प्रकल्पामुळे लायगो, म्हणजे ती लहर टिपणारी वेधशाळा, हे नाव मुलांच्या कानावर असतंच. तो पाठ उघडला की झोपलेला चॅट जागा होतो.

माझं बिनसलं ते सेलच्या क्रमावरून. सेल म्हणजे नोटबुकमधली कोडची एकेक चौकट, जी वेगवेगळी चालवता येते.

साध्या लंबकावरून 'जी', म्हणजे गुरुत्वत्वरण, काढायचा होता. एका मुलीचं उत्तर आलं ९८५.७, पुढे एकक मीटरचं. सें.मी. असतं तर बरोबरच होतं म्हणा! मी म्हटलं, लांबी मीटरमध्ये घे. "सर, घेतलीये की." स्क्रीन शेअर केली, तर वरच्या सेलमध्ये खरंच ०.८० लिहिलेलं, आवर्तकाल १.७९ सेकंद, सूत्रही ठीक. उत्तर मात्र ९८५.७च. आम्ही कंस तपासले, वर्ग तपासला, पायची किंमत छापून बघितली. अर्धा तास गेला. बाकीची पोरं म्यूटवर. शेवटी लक्षात आलं, की तिने ८० खोडून ०.८० लिहिलं, पण तो सेल पुन्हा चालवलाच नाही. फक्त खालचा चालवत राहिली. कागदावर एक आणि मेमरीत दुसरंच. लॅबमध्ये मी पाठीशी उभा असतो तर तिचा हात कुठे जातोय ते दिसलं असतं. स्क्रीन शेअरमध्ये हात दिसत नाही.

'रीस्टार्ट करून सगळं चालवा' हा उपाय आहेच. दर तासाला सांगायचो. ऐकणारी मुलं ऐकायची.

थॉनीत एफ-५ दाबलं की जुनं सगळं पुसून फाईल वरपासून चालते. बाजूला व्हेरिएबल्सची चौकट उघडी ठेवली, तर लांबी ८० आहे की ०.८० ते मला आणि तिला एकाच वेळी दिसतं. डीबगमध्ये, म्हणजे चूक शोधायच्या सोयीत, एकेक पायरी पुढे गेलं की सूत्रातल्या एकेका तुकड्याच्या जागी त्याची किंमत येत जाते, फळ्यावर आपण सोडवून दाखवतो तशी. हे प्रकरण एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तयार झालं, आणि ते जाणवतं. शिवाय एकदा उतरवून घेतलं की नेट लागतं ते फक्त माझा आवाज ऐकायला. गच्चीवर रेंज शोधत बसणाऱ्या मुलांना हा फरक मोठा वाटला.

थॉनी दिसायला जुनाट आहे, आणि फोनवाल्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. माझ्या वर्गात असे दोघं होते. त्यांना मी नोटबुकच दिली, पण सगळा कोड एकाच सेलमध्ये लिहायच्या अटीवर. तिसऱ्या वर्षाला, प्रोजेक्टच्या वेळी, मी स्वतःही नोटबुककडेच वळतो.

थॉनी घेणार असाल तर पहिला तास इन्स्टॉलला सोडून द्या. पायथन त्याच्यासोबतच येतं, पण ग्राफसाठी मॅटप्लॉटलिब 'मॅनेज पॅकेजेस'मधून वेगळं घालावं लागतं. ते आदल्या रात्रीच करून ठेवायला सांगा. तासाला सगळे एकदम उतरवायला बसले, की पहिला तुमचाच आवाज तुटायला लागतो.