बाबांच्या रिपोर्टात गर्भाशय

बाबा ६२ वर्षांचे. दोन एकर वावर, सात-आठ शेळ्या, दारात मोत्या कुत्रा. मागच्या उन्हाळ्यात उजव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणाले. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये ९ सेंटिमीटरची पाण्याची गाठ निघाली, हायडॅटिड सिस्ट. गोळ्या आणि मग ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दवाखान्याबाहेरच्या टपरीवर एकानं रिपोर्ट मागून पाहिला. "पोट कायले फाडता भाऊ? आमच्या औषधानं गाठ इरघयते."

आम्ही भ्यालेलो होतोच. तीन महिन्यांत १८,००० गेले, पावती एकाचीही नाही. राखाडी पुड्या दोन वेळ, आणि दर शनिवारी तो घरी येऊन तेल लावून बाबांचं पोट खसाखसा चोळायचा. मटणही बंद करायला लावलं. बाबांना दुखत नव्हतं, म्हणून आम्हाला गुणच दिसला. पण ही गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते, बऱ्याचदा काही दुखतच नाही. त्याचा सगळा धंदा त्यावरच होता.

शेवटी 'ओळखीच्या सेंटर'मधून त्यानंच नवा रिपोर्ट आणून दिला. गाठ ४ सेंटिमीटर! आम्ही पेढे वाटले. बारावीतली पुतणी तो इंग्रजी कागद वाचत बसली होती. म्हणाली, "काका, आजोबाले गर्भाशय हाय काय? इथं नॉर्मल लिवलं हाय." वर नाव बाबांचं, खाली कोण्या बाईचं पोट.

परत तपासलं तर गाठ दहाच्या वर. पैशांचं ऐकून डॉक्टर काही बोलले नाहीत, चोळण्याचं ऐकलं तसे खुर्चीत सरसावून बसले. गाठ आत फुटली असती तर रिॲक्शन येऊन माणूस तिथंच जाऊ शकतो, आणि सांडलेल्या पाण्यातून पोटात नव्या गाठी धरतात.

अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तेल-तुपाच्या जेवणासोबत, मधूनमधून रक्त तपासून. शाळेत जंतासाठी देतात तीच गोळी, पण तिथं एकदाच. काही गाठींचं पाणी सुईनं ओढून आत औषध सोडतात. बाबांच्या गाठीत पिल्लं-गाठी होत्या, म्हणून ऑपरेशनच केलं. आजूबाजूला खाऱ्या द्रावणात भिजवलेल्या पट्ट्या लावून, एक थेंब सांडू न देता.

आणि मटणाचा काही संबंधच नव्हता. शेळीच्या काळजातल्या अशा गाठी कुत्र्यानं खाल्ल्या की त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी होतात. त्यांची अंडी विष्ठेतून माती, पाणी, भाजीपाला, कुत्र्याच्या केसांवर, आणि तिथून हातावाटे आपल्या तोंडात. कंदुरीला बोकड कापला की फोड आलेलं काळीज मोत्यापुढं फेकणारा मीच.

आता ते खड्ड्यात पुरतो. मोत्याला जनावरांच्या डॉक्टरांकडून पट्टकृमी मारणारी प्राझिक्वांटेलची गोळी देतो. चौकीत तक्रार दिली आहे. पुरावा म्हणून तो गर्भाशयवाला रिपोर्ट आणि उरलेल्या चार पुड्या.